भातखाचरातील चतुर

पावसाळ्यात भाताच्या खाचरांवर चतुर घिरट्या घालू लागतात. मुले त्यांच्या शेपटीस दोरा बांधून खेळतात. मोठी माणसे बहुधा त्यांच्याकडे पाहातही नाहीत. वस्तुतः हा कीटक पिकाचा बिनपगारी राखणदार होय.

त्याचे बालपण पाण्यात जाते, म्हणून ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. मादी उडता उडता शेपटीचे टोक पाण्यास टेकवून अंडी सोडते. अंड्यातून निघणारे पिलू मळकट व बिनपंखी असते. ते चतुराचे आहे हे प्रथम कोणास खरेही वाटत नाही. त्याचा खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो. डासाची अळी जवळ येताच तो क्षणार्धात पुढे झेपावतो व टोकाच्या आकड्यांनी तिला पकडतो. पिलाचे कल्ले गुदद्वाराच्या आत असतात. संकटसमयी तेथील पाणी जोराने मागे फेकून ते पुढे सटकते. अनेक वेळा कात टाकल्यावर, बहुधा रात्री, ते भाताच्या ताटावर चढते, त्याची पाठ उकलते आणि चतुर बाहेर पडतो. त्यास कोषावस्था नाही. ताटांना चिकटलेल्या रिकाम्या काती सकाळी सहज दिसतात.

पावसाबरोबर थव्यांनी येणाऱ्या पिवळसर चतुराची पिले ४० ते ६० दिवसांत वाढतात, म्हणून तात्पुरते साचलेले पाणीही त्यास पुरते. मोठा चतुर डास व पतंग उडता उडताच पायांच्या टोपलीत धरतो. त्याची सडपातळ भावंडे, म्हणजे टाचण्या, ताटांमधून फिरून तुडतुडे टिपतात.

दोन-चार तुडतुडे दिसताच फवारणी करण्याची घाई येथेच नडते. औषध पाण्यात उतरून पिले मरतात. पानांच्या आवरणात घातलेली तुडतुड्यांची अंडी मात्र बहुधा वाचतात. नवी पिढी निघते तेव्हा तिला खाणारे कोणी उरलेले नसते. एकट्या चतुरामुळे कीड हटेल असे नव्हे. परंतु कोळी, ढालकिडे यांच्यासह त्याचीही गणना फवारणीपूर्वी केली पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याकरिता व्याख्यान देण्याची आवश्यकता नाही. खाचरातील पाण्यातून एक चाळणी फिरवावी आणि तीत आलेली पिले पांढऱ्या ताटलीत घेऊन शेतकऱ्यांस दाखवावी. फवारणीचा पंप ओहोळात धुऊ नये, हेही त्याच वेळी सांगावे.