कवकरोधी औषधमात्रा, अत्यवस्थ रुग्णांतील

कवकांमुळे (बुरशी, किण्व इ. हरितद्रव्यरहित जीवांमुळे) होणाऱ्या खोलवरच्या संसर्गावरील औषधे अतिदक्षता विभागातील रुग्णाला किती व किती अंतराने द्यावयाची, हे ठरविण्याची पद्धती. निरोगी स्वयंसेवक व स्थिर प्रकृतीचे रुग्ण यांवरील चाचण्यांतून निघालेली मात्रा अत्यवस्थ रुग्णाला जशीच्या तशी लागू पडेलच असे नाही. रक्तात कँडिडा शिरल्यावर परिणामकारक उपचारास एकदोन दिवसांचा विलंब झाला, तरी मृत्यूचे प्रमाण वाढते. उलट मात्रा अधिक झाल्यास वृक्क (मूत्रपिंड), यकृत किंवा मेंदू यांना इजा पोहोचते.

तीव्र जंतुसंसर्गात केशवाहिन्यांतून द्रव पाझरून ऊतकांत साठतो. शिरेवाटेही पुष्कळ द्रव दिला जातो. त्यामुळे पाण्यात विद्राव्य असलेले औषध अधिक जागेत पसरून त्याची रक्तातील पातळी घटते. रक्तद्रवातील अल्ब्युमीन कमी झाल्याने प्रथिनबद्ध औषधांचा मुक्त अंश बदलतो. वृक्क कधी निकामी होतात, तर भाजलेल्या वा अपघातग्रस्त तरुण रुग्णात कधी नेहमीपेक्षा जलद काम करतात.

फ्ल्युकोनॅझोल हे याचे बोलके उदाहरण आहे. त्याचा सु. ८०% भाग न बदलता मूत्रावाटे बाहेर पडतो. अर्धायुष्य सु. ३० तास असल्याने रोज समान मात्रा दिल्यास पातळी स्थिर होण्यास पाच-सहा दिवस लागतात. म्हणून आरंभी दुप्पट मात्रा (१२ मिग्रॅ./किग्रॅ., प्रौढास सु. ८०० मिग्रॅ.) व नंतर रोज ६ मिग्रॅ./किग्रॅ. देतात. वृक्क निकामी असले, तरी आरंभमात्रा कमी करावयाची नसते. ती औषध किती जागेत पसरते यावर अवलंबून असते, उत्सर्जनावर नव्हे. केवळ पुढील मात्रा निम्मी करतात. सतत चालणाऱ्या अपोहनात (यंत्राद्वारे होणाऱ्या रक्तशुद्धीकरणात) मात्र गाळलेले औषध वृक्कनलिकांप्रमाणे पुन्हा शोषले जात नाही. परिणामी ते निरोगी वृक्कांपेक्षाही जलद बाहेर पडू शकते व वृक्क बंद पडलेल्या रुग्णालाच रोज ८०० मिग्रॅ.पर्यंत औषध द्यावे लागते.

ॲम्फोटेरिसीन बी हे स्ट्रेप्टोमायसीज नोडोसस या सूक्ष्मजीवापासून मिळते. हा जीव १९५० नंतरच्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातील मृदेतून वेगळा करण्यात आला. याच्या जुन्या, डीऑक्सिकोलेटयुक्त प्रकाराची मात्रा रोज ०·५ ते १ मिग्रॅ./किग्रॅ. असते. तो वृक्कांतील रोहिणिका आकुंचित करतो व नलिकांना इजा करतो. पोटॅशियम व मॅग्नेशियम मूत्रावाटे वाहून जातात. ही इजा टाळण्यासाठी आधी शिरेवाटे लवणद्राव देतात. औषध स्वतः मात्र ५% ग्लुकोज विद्रावातच मिसळावे लागते, कारण लवणद्रावात ते अवक्षेपित होते (साका होऊन खाली बसते). मेदकणांत (लायपोसोमांत) बांधलेला प्रकार वृक्कांना पुष्कळच कमी अपायकारक असून त्याची मात्रा ३ ते ५ मिग्रॅ./किग्रॅ., म्युकरमायकोसिसमध्ये ५ ते १० मिग्रॅ./किग्रॅ. असते. ही मात्रा चुकून जुन्या प्रकाराची दिली गेल्याने हृदयक्रिया बंद पडून मृत्यू घडले आहेत. जुन्या प्रकारात रोज १·५ मिग्रॅ./किग्रॅ.ची मर्यादा कधीही ओलांडावयाची नसते. म्हणून औषधपत्रकावर प्रकाराचे पूर्ण नाव लिहिणे अत्यावश्यक होय.

२०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत, अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडांचा वापर यांमुळे, भारतात म्युकरमायकोसिसचे रुग्ण फार वाढले. त्यांत महाराष्ट्र व गुजरात अग्रभागी होते. ६० किग्रॅ. वजनाच्या रुग्णास ५ मिग्रॅ./किग्रॅ. प्रमाणे रोज ३०० मिग्रॅ., म्हणजे ५० मिग्रॅ.च्या सहा कुप्या, कित्येक आठवडे लागतात. साहजिकच तुटवडा पडला व अनेकांना जुन्याच प्रकारावर, रक्तातील क्रिॲटिनीन व पोटॅशियम वरचेवर तपासत, भागवावे लागले.

ॲस्परजिलस संसर्गावरील व्होरिकोनॅझोलाची मात्रा पहिल्या दिवशी १२ तासांच्या अंतराने दोनदा ६ मिग्रॅ./किग्रॅ. व नंतर ४ मिग्रॅ./किग्रॅ. असते, परंतु तिच्यावरून रक्तातील पातळीचा अंदाज बांधता येत नाही. यकृतातील ज्या एंझाइमाने त्याचे विघटन होते, ते आनुवंशिक कारणाने सु. १५ ते २०% आशियाई लोकांत निष्प्रभ असते. शोथ तीव्र असताना पातळी चढते व तो ओसरताच उतरते. क्षयरोगासाठी रिफँपिसीन चालू असल्यास ती जवळजवळ शून्यावर येते, म्हणून ही दोन औषधे एकत्र देत नाहीत. पुढील मात्रेपूर्वी घेतलेल्या रक्तात सु. १ ते ५·५ मिग्रॅ./लि. पातळी असावी, त्याहून अधिक झाल्यास भास व संभ्रम होतात. अतिदक्षता विभागात त्यांचे खापर सहजच मूळ आजारावर फुटते.

एकायनोकँडिन गटात गुंतागुंत कमी आहे. वृक्कविकारात व अपोहनात मात्रा बदलावी लागत नाही. कॅस्पोफंजिन पहिल्या दिवशी ७० व नंतर ५० मिग्रॅ. देतात. मध्यम यकृतविकारात ३५ मिग्रॅ. सांगितले असले, तरी यकृतविकाराच्या गुणांकनात अल्ब्युमीन मोजले जाते आणि अत्यवस्थ रुग्णात ते यकृत धड असतानाही घटलेले असते. केवळ त्यावरून मात्रा उतरविल्यास ती अपुरी पडते. ही औषधे मूत्रात, डोळ्यांत व मेंदूत पुरेशी पोहोचत नाहीत. तेथील संसर्गात मात्रा वाढविण्यापेक्षा औषधच बदलतात.