युरिया, टनेज आणि ०.६ चा आकडा



मागच्या गट बैठकीत एका सभासदाने हिशेब मांडला : "साहेब, युरिया आणि टनेज यांचा सहसंबंध समजा ०.६ आला, तर साठ टक्के ऊस युरियाचाच की! मग दोन गोण्या जादा टाकायला काय हरकत?" हा समज खिशाला महाग पडणारा आहे, म्हणून हा खुलासा.

सहसंबंध गुणांक उणे १ ते अधिक १ यांच्या दरम्यान असतो. एक वाढले की दुसरे वाढते, तेव्हा तो अधिक. एक वाढले की दुसरे घटते, तेव्हा उणे. पण ०.६ म्हणजे साठ टक्के नव्हे. त्या आकड्याचा वर्ग करावा : ०.६ × ०.६ = ०.३६. म्हणजे निरनिराळ्या शेतांच्या एकरी टनेजमध्ये जी तफावत दिसते, तिच्यातील ३६ टक्के वाटा युरियाच्या कमी-जास्त मात्रेशी जुळतो. बाकी ६४ टक्के जमीन, बेणे, लागणीची तारीख, पाणी, तुटाळ यांत शोधायचा. गुणांक ०.३ असला तर जुळणारा वाटा अवघा ९ टक्के!

आता हे ३६ टक्के तरी निव्वळ युरियाचे का? तसेही नाही. ज्याच्या विहिरीला बारमाही पाणी, तो आडसाली लावतो, बेणे निवडून आणतो आणि युरियाही सढळ हाताने टाकतो. टनेज नेमके कशाने वाढले, हे गुणांक सांगत नाही. खात्री हवी तर एकाच शेतात काही सऱ्यांना शिफारशीइतका, काहींना जादा युरिया द्या. बाकी सगळे सारखे ठेवा. असे दोन-तीन ठिकाणी करून तोडणीला वेगवेगळे वजन घ्या.

आणखी एक. हा गुणांक सरळ रेषेतला संबंध मोजतो. पीक मात्र काही मर्यादेपर्यंतच खताला साथ देते. आडसालीला हेक्टरी ४०० किलो, सुरूला २५० किलो नत्राची शिफारस आहे. त्यापुढे आणि मोठ्या बांधणीनंतर उशिरा युरिया टाकत गेलात, तर ऊस लोळतो, पक्वता लांबते, रसातली साखर घटते. शेवटी तोटा आपल्या सर्वांचाच.

तेव्हा कोणी सहसंबंधाचा आकडा सांगितला, तर आधी त्याचा वर्ग करा, मग बाकीची कारणे विचारा. आणि युरियाची गोणी फोडण्यापूर्वी माती तपासून घ्या.

— ऊस विकास अधिकारी