आडव्या सायकलीवरून लांबचा पल्ला

सायकलींचं जुनं गाव
जर्मनीतलं र्युसेल्सहाइम ओपेल मोटारींमुळे माहीत असतं. पण इथे १८६२मध्ये शिलाई यंत्रांपासून सुरुवात करणाऱ्या अ‍ॅडम ओपेलनं १८८६मध्ये सायकली बनवायला घेतल्या. मोटार आली १८९९मध्ये. रिकम्बंट, म्हणजे पाठ टेकून चालवायची आडवी सायकल, बनवणारी, १९९३मध्ये सुरू झालेली एचपी वेलोटेक्निक ही कंपनीही जवळच्याच क्रिफ्टेलमध्ये आहे.

शर्यतीतून बाहेर
१९३३मध्ये फ्रान्सिस फोर या सायकलपटूनं शार्ल मोशेनं बनवलेल्या आडव्या सायकलीवर पॅरिसमध्ये तासाभरात ४५ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर कापलं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या. त्या टिकल्या त्या मुख्यतः हौशी आणि प्रवासी सायकलस्वारांमुळे.

बैठक
पायडल पुढे, सीट खुर्चीसारखी. वजन पाठ आणि नितंब मिळून पेलतात, त्यामुळे मनगटं, मान आणि बैठकीची हाडं दुखत नाहीत. अंग वाऱ्याला कमी आडवं येतं, म्हणून समोरचा वारा कमी झोंबतो. काही मॉडेलांत हँडल सीटखाली असतं. हात बाजूला सैल सोडून गाडी वळवता येते. चेन नेहमीच्या दुपटीहून लांब असते. ती सीटखालच्या पुलीवरून जाते. पुलीत माती अडकली की कुरकुर सुरू होते.

किंमत चढावर मोजावी लागते
सीटवरून उठून अंगाचं वजन पायडलवर टाकता येत नाही. म्हणून अगदी हलके गिअर हवेत आणि चढावर घाई नको. दोनचाकीचा तोल संथ वेगात डगमगतो. तीनचाकी पडत नाही, पण रुंद आणि जड असते.

मार्ग कोणता?
नदीकाठचा. माइन नदीचा सुमारे ६०० किलोमीटरचा सायकलमार्ग र्युसेल्सहाइमवरून जातो आणि माइन ऱ्हाइनला मिळते तिथे माइन्झजवळ संपतो. शेवटचा टप्पा बहुतेक सपाट असल्यानं सरावाला उत्तम. दमलात तर एस-८ किंवा एस-९ लोकल आहे. जागा असेल तर त्यात सायकलीचं वेगळं भाडं पडत नाही, पण गर्दीच्या वेळी लांबलचक गाडी चढवणं अवघडच.

निघण्यापूर्वी
आधी माप घ्या: सीटवर टेकून टाच पायडलवर ठेवली की पाय जवळपास सरळ व्हायला हवा. पाय उंचावर असल्यानं घसरू नयेत म्हणून क्लिपचे बूट घालावेत. तीनचाकीवर हे जास्त महत्त्वाचं, कारण घसरलेला पाय गाडीखाली ओढला जाऊ शकतो. गाडी बुटकी असल्यानं उंच झेंडा लावा. मागे वळून बघणं कठीण, म्हणून आरसाही लावा. सामानाच्या पिशव्या सीटखाली, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या.

पहिल्या दौऱ्यात रोजचं अंतर नेहमीपेक्षा कमीच ठेवा. पाठ कुरकुरत नाही म्हणून माणूस ओढत राहतो आणि नव्या कोनातून जोर लावणारे गुडघे मग रात्री हिशोब मागतात.