अध्यापकांचे संशोधन आणि मेळघाटातील प्रश्न

विद्यापीठीय व महाविद्यालयीन अध्यापकांनी अध्यापनाबरोबर संशोधनही करावे, ही अपेक्षा जुनीच आहे. ती पूर्ण कशी व्हावी, याचा विचार धारणीसारख्या ठिकाणाहून केल्यास प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. संत गाडगे बाबांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात धारणी व चिखलदरा हे मेळघाटातील दोन्ही तालुके येतात. मुंडा कुळातील कोरकू भाषा, व्याघ्र प्रकल्पामुळे झालेले गावांचे पुनर्वसन, बालकांचे कुपोषण असे संशोधनाचे विषय येथे दाराशीच आहेत. उणीव आहे ती वेळ, पैसा व मार्गदर्शन यांची.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांची पदोन्नती गुणांकनाशी जोडली. प्रसिद्ध लेखांना गुण मिळू लागले. लेखांची संख्या वाढली. त्याबरोबरच पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकेही फोफावली. अखेर २०१८ मध्ये ही पद्धत बदलावी लागली. गुणांच्या आमिषाने लेख मिळतात. संशोधन मिळतेच असे नाही.

याउलट उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी शुश्रूषेचा प्रयोग केला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. धारणी तालुक्यातील उतावली येथे डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेनेही रुग्णसेवेबरोबर बालमृत्यूंचा अभ्यास चालविला आहे. ही मंडळी विद्यापीठाच्या सेवेत नव्हती. समोरच्या प्रश्नाचे उत्तर हवे होते, हीच त्यांची प्रेरणा होती.

अध्यापकांतही ही प्रेरणा जागविता येईल. त्यासाठी अध्यापनाच्या तासांत काही सवलत, पाहणीपुरते छोटे अनुदान व विद्यापीठातील अनुभवी मार्गदर्शकाचे साहाय्य मिळावे. कोरकू जाणणारे विद्यार्थी पाहणीत सहभागी झाल्यास कुटुंबांशी संवाद सुलभ होईल. अधिकाऱ्यांनी नियमांच्या चौकटीत नोंदी उपलब्ध कराव्यात. पंचायत सदस्यांनी गावाचे प्रश्न महाविद्यालयापर्यंत न्यावेत. आणि निघालेले निष्कर्ष ग्रामसभेत, लोकांना समजेल अशा भाषेत, वाचून दाखविले जावेत. ज्यांच्या जीवनाचा अभ्यास झाला, त्यांच्यापर्यंत तो पोहोचला तरच संशोधनाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.