इंटरनेट चालू, पण दुसरा कॉम्प्युटर 'सापडत नाही'? टेक्निशियनला फोन करण्याआधी एवढं बघा



समजा, तुम्ही घरातूनच मसाल्यांचा व्यवसाय सुरू केलाय. पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, त्यात बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि सगळा डेटा. त्याचं नाव 'काउंटर'. आत पॅकिंगच्या टेबलावर लॅपटॉप, तो त्याच डेटाला जोडलेला. दिवाळीचा आठवडा. रात्री लाईट गेली, पहाटे आली, आणि सकाळी लॅपटॉप म्हणतो, 'काउंटर' सापडत नाही. यूट्यूब मात्र झकास चालतंय! गिऱ्हाईक दारात उभं आणि बिल निघत नाही.

अशा वेळी घाबरून लोक नवीन राउटर आणतात, नाहीतर विंडोज परत टाकून घेतात. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात बॅकअप नसेल तर धंद्याचा डेटाच जाऊ शकतो. आणि दोष असतो साध्या पत्त्यात.

आधी हे समजून घ्या: नाव वेगळं, नंबर वेगळा

मोबाईलमध्ये आपण 'बाळू प्लंबर' असं नाव सेव्ह करतो, पण फोन लागतो तो नंबरला. बाळूने नंबर बदलला आणि आपल्याकडे जुनाच राहिला, तर फोन लागणार नाही. बाळू मात्र ठणठणीत असतो! कॉम्प्युटरचंही तसंच. 'काउंटर' हे नाव आपल्या सोयीसाठी. खरी जोडणी आयपी ॲड्रेसवर, म्हणजे नंबरवर होते. हा नंबर राउटर वाटतो, आणि लाईट जाऊन राउटर परत सुरू झाला की तो बदलू शकतो.

म्हणून नियम एकच: आधी नंबर तपासा, मग नाव. चला, विंडोजवर करून बघू.

पायरी १: खरा नंबर काढा

'काउंटर'वर बसा. स्टार्टमध्ये सीएमडी टाईप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा. तिथे आयपीकॉन्फिग टाईप करा, एंटर. आयपीव्ही४ ॲड्रेससमोरचा नंबर वहीत लिहा. समजा तो १९२.१६८.१.५ आहे. लॅपटॉपवरही हेच करा.

आता दोन गोष्टी बघा. नंबर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या मशीनला राउटरकडून नंबर मिळालेलाच नाही. केबल किंवा वायफाय तपासा. दुसरं, घरच्या साध्या सेटिंगमध्ये दोन्ही मशीनच्या नंबरांचे पहिले तीन भाग सारखे असतात. ते वेगळे दिसले, तर एखादं मशीन गेस्ट वायफायवर किंवा दुसऱ्याच राउटरवर गेलंय का ते बघा.

पायरी २: लॅपटॉपवरून थेट नंबरने जा

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. चौकटीत दोन बॅकस्लॅश आणि लगेच तो नंबर, इंग्रजी अंकांत. एंटर.

फोल्डर दिसले किंवा पासवर्ड विचारला, तर अभिनंदन! मशीन, राउटर, वायफाय सगळं ठीक आहे, बिघाड नावात आहे. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये नावाऐवजी नंबर टाकता येत असेल, तर तात्पुरता टाका आणि बिलं सुरू करा. गिऱ्हाईक आधी, दुरुस्ती नंतर.

नंबरनेही उघडत नसेल, तर नावाच्या मागे लागू नका. 'काउंटर' स्लीपमध्ये गेलाय का? त्याच्या सेटिंगमध्ये आपलं वायफाय 'पब्लिक' झालंय का? घरच्या नेटवर्कला 'प्रायव्हेट' करा आणि फाईल शेअरिंग चालू आहे ना ते बघा. बाहेर कॅफेमध्ये मात्र 'पब्लिक'च ठेवायचं.

पायरी ३: नाव कुठे अडलंय?

लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टाईप करा: पिंग, जागा, डॅश ४, जागा, आणि कॉम्प्युटरचं नाव. इथे उत्तर येतं की नाही यापेक्षा नावापुढे कोणता नंबर दिसतो ते महत्त्वाचं. कारण फायरवॉल पिंग अडवू शकते, त्यावरून मशीन बंद आहे असं समजू नका.

चुकीचा, जुना नंबर दिसला: आधी आयपीकॉन्फिग, जागा, स्लॅश फ्लशडीएनएस ही कमांड द्या. लॅपटॉपने लक्षात ठेवलेले जुने पत्ते पुसले जातात. तरीही तोच नंबर आला, तर होस्ट्स फाईल बघा. सी ड्राईव्ह, विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये ती असते. या यादीत लिहिलेलं विंडोज आधी मानतं. सॉफ्टवेअर बसवताना कुणी तिथे जुना नंबर लिहून ठेवला असेल, तर तोच धरून लॅपटॉप चुकीच्या दारावर टकटक करत बसतो. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सगळं नेटवर्क अशाच एका यादीवर चालायचं. ती अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची. यादी आवरेना, म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली.

फाईल बदलायला नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. हॅशच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी नुसत्या टिपा असतात, त्या तशाच राहू द्या. सेव्ह करताना नावामागे डॉट टीएक्सटी लागू देऊ नका, नाहीतर विंडोज ती फाईल वाचणारच नाही.

'होस्ट सापडला नाही' असं आलं: 'काउंटर'वर होस्टनेम ही कमांड देऊन खरं नाव स्पेलिंगसकट जुळवा. नाव पंधरा अक्षरांच्या आत आणि इंग्रजीत ठेवा. दोन मशीनना एकच नाव नको. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघा. नेटवर्क डिस्कव्हरी दोन्हीकडे चालू हवी.

बरोबर नंबर दिसला: मग नाव निर्दोष आहे. शेअरिंगची परवानगी किंवा पासवर्ड तपासा.

पायरी ४: कायमचा बंदोबस्त

राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा. तिथे 'काउंटर'साठी एक नंबर राखून ठेवा, म्हणजे लाईट कितीही वेळा गेली तरी त्याला तोच मिळेल. त्यानंतरच, गरज वाटली तर, लॅपटॉपच्या होस्ट्स फाईलमध्ये एक ओळ लिहा: आधी नंबर, मग जागा, मग नाव. हा क्रम उलटा करू नका. नंबर न राखता होस्ट्समध्ये लिहिलं, तर पुढच्या लाईट जाण्याला हीच कटकट परत दारात!

मित्रांनो, टेक्निशियनला बोलावणं यात कमीपणा काहीच नाही. पण 'कॉम्प्युटर चालत नाही' असं सांगण्याऐवजी 'नंबरने उघडतंय, नावाने नाही' असं सांगितलंत, तर त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतात. आजच, गिऱ्हाईक नसताना, डेटाचा बॅकअप घ्या, दोन्ही मशीनची नावं आणि नंबर एका कागदावर लिहा आणि तो काउंटरमागे चिकटवा. सीझनमध्ये हाच कागद कामाला येईल.