शाळेच्या वेळापत्रकात कलावंत

व्यावसायिक कलावंताने शाळेत किंवा वस्तीत येऊन मुलांबरोबर काम करण्याच्या पद्धतीचे मर्म असे, की तो स्वतः ज्या रीतीने तालीम करतो, खोडतो आणि पुन्हा मांडतो, ती रीत काही महिने मुलांच्या हाती देतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच बसवला जातो आणि संवाद पाठ करून घेतले जातात. येथे मात्र कलाकृती कोणत्या विषयावर असावी, इथपासूनचे निर्णय मुलांकडे असतात. नाट्यक्षेत्रात या विचाराला संघटित रूप मिळाले ते १९६५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराच्या बेलग्रेड थिएटरने शिक्षण-नाट्याचा, म्हणजे नटांनी शाळेत जाऊन मुलांना नाट्यघटनेत सहभागी करून घेण्याचा उपक्रम सुरू केला तेव्हा. भारतात राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये याच कामासाठी स्वतंत्र पथक उभे केले.

नवी मुंबईला अगदी लागून असलेल्या ठाणे शहरात याचे ठळक उदाहरण आहे. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला आणि बालरंगभूमीवरचा आपला अनेक दशकांचा अनुभव झोपडवस्त्यांमधील मुलांसाठी खर्ची घातला. या मुलांनी आपल्याच जगण्यातले विषय निवडून, भपकेबाज नेपथ्याविना नाटिका उभ्या कराव्यात, हा त्यामागचा आग्रह होता. मे २०२० मध्ये मतकरी यांचे निधन झाले, तरी हा आग्रह आजही मोलाचा आहे. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत औद्योगिक पट्ट्याच्या कडेने, पारसिक डोंगराच्या पायथ्याशी आणि उतारावर वसलेल्या नवी मुंबईच्या वस्त्यांमधील मुलांचे जगणे ठाण्यातील या मुलांच्या जगण्याहून फारसे निराळे नाही.

अशा तालमीला रिकामा वर्ग, समाजमंदिराचा ओटा किंवा शाळेची गच्ची एवढी जागा पुरते. मुले गोलात उभी राहतात आणि दिग्दर्शक संहिता वाटण्याऐवजी विषय विचारतो. एखाद्या गटाने नळावरचे भांडण निवडले, तर पहिल्या फेरीत सगळी मुले एकदम ओरडतात, कारण मालिकांमधले भांडण त्यांनी तसेच पाहिलेले असते. दिग्दर्शकाचा व्यवसाय कामी येतो तो येथे. तो प्रसंग थांबवतो आणि कमरेवरचा हंडा भरलेला आहे की रिकामा, हे पाहणाऱ्याला कशावरून कळेल, एवढेच विचारतो. मग एखादी मुलगी कंबर एका बाजूला काढते, मोकळा हात तोल सांभाळण्यासाठी लांब धरते आणि पाऊल आखडून टाकते; रोज पाणी भरणाऱ्या शरीराला हे ठाऊकच असते, पण ते रंगमंचावर आणण्याजोगे आहे असे तिला कोणी सांगितलेले नसते. हंडा खरा झाला की वाक्येही आखूड होतात, कारण ओझे घेतलेला माणूस पल्लेदार बोलत नाही. अशा उत्स्फूर्त, म्हणजे आधी न लिहिलेल्या, सादरीकरणातून हाती आलेली वाक्ये एक जण वहीत टिपून घेतो, पुढच्या तालमीत त्यांतली निम्मी गळतात, आणि उरलेल्यांची संहिता होते. हे एका दिवसाच्या कार्यशाळेत साधत नाही. पाहुण्या कलावंताचा एका दुपारचा कार्यक्रम मुलांना आनंद देतो, पण खोडण्याची सवय देत नाही.

कलावंत दुरूनच आणावा लागतो असेही नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शहरनियोजन महामंडळाने ज्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभारली, त्या गावांत आगरी समाजाच्या लग्नात धवले गाणारी, आणि गाता गाता विधीही पार पाडणारी, धवलारीण ही स्त्री मौखिक परंपरेने घडलेली कलावंतच आहे. मांडवापासून हळदीपर्यंतच्या प्रत्येक विधीचे गाणे तिला मुखोद्गत असते. तिच्या गावठाणाच्या शेजारी असलेल्या शाळेत संगीताचा तास तिच्याविना व्हावा, ही खरोखर खंत करण्याजोगी गोष्ट आहे.

अशा कलावंताला शाळेत आणण्यात धोरणाची अडचण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शाळेत किंवा शाळासमूहात निवासी कलावंत, म्हणजे ठरावीक काळ शाळेशी जोडलेला कलावंत, असावा अशी अपेक्षा मांडली आहे, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक नेमण्याचे बंधन घातले आहे. अडचण आहे ती वेळेची आणि मानधनाची. एका तासिकेत मुले गोलात उभी राहून मोकळी होईपर्यंत घंटा होते, आणि सन्मान म्हणून शाल-श्रीफळ देऊन कोणत्याही कलावंताचा महिना निघत नाही. चित्रकला शिक्षकाची जागा कलावंताने घ्यावी असेही येथे सुचवायचे नाही, कारण वर्षभर मुलांना ओळखणारा तोच असतो आणि कलावंत निघून गेल्यावर काम त्यालाच पुढे न्यायचे असते.

राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला आहे, आणि त्यातून वेळेची अडचण सुटू शकते. नवी मुंबईतील शाळांनी हे शनिवार दर आठवड्याला नव्या पाहुण्यावर खर्च न करता एका सत्रासाठी एकाच कलावंताकडे सोपवावेत, आणि रंगकर्मी असो वा धवलारीण, दोघांनाही सारखेच मानधन द्यावे.