पाण्याचा मारा: सौम्य म्हणवणारे शस्त्र

२०१८च्या नोव्हेंबरात लंडनच्या महापौर कार्यालयाने तीन अवजड गाड्या भंगारवाल्याला विकल्या. हाती आले ११,०२५ पौंड. खरेदी, दुरुस्ती आणि डागडुजी धरून याच गाड्यांवर ३ लाख २२ हजार पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती. आणि गर्दीला पांगवण्यासाठी त्या एकदाही रस्त्यावर उतरल्या नव्हत्या.

या होत्या वॉटर कॅननच्या गाड्या, जर्मन केंद्रीय पोलिसांनी वापरून झालेल्या, पंचविशीला टेकलेल्या. २०११च्या दंगलीत लंडन होरपळले, त्यानंतर महापौर बोरिस जॉन्सन यांनी २०१४ मध्ये त्या हौसेने घेतल्या. वेळ पडली तर आपण स्वतः त्या माऱ्यासमोर उभे राहू, अशी तयारीही त्यांनी रेडिओवर दाखवली. पण परवानगी होती गृहमंत्र्यांच्या हाती. जुलै २०१५ मध्ये थेरेसा मे यांनी ती साफ नाकारली. गाड्यांत ६७ दोष निघाले होते, शिवाय पाण्याच्या माऱ्याने गंभीर इजा होऊ शकते, हेही त्यांनी संसदेत सांगितले. आधी खरेदी आणि मग परवानगी, हा क्रम आपल्याकडच्या वाचकांना फारसा परका वाटणार नाही.

इजेचा मुद्दा हवेतला नव्हता. श्टुटगार्टमध्ये ३० सप्टेंबर २०१० रोजी रेल्वे स्थानकाच्या नव्या प्रकल्पासाठी बागेतली जुनी झाडे तोडायची होती. विरोधात उतरलेल्यांत शाळकरी मुले होती, निवृत्त माणसेही होती. पोलिसांनी पाण्याचा मारा केला आणि ६६ वर्षांच्या एका निवृत्त अभियंत्याच्या चेहऱ्यावर झोत थेट आदळला. दोघांनी आधार देऊन नेलेला, डोळ्यांतून रक्त वाहणारा हा माणूस जर्मनीतल्या वृत्तपत्रांत झळकला. त्याची दृष्टी जवळजवळ गेली. २०१४ मध्ये तो लंडनला आला, तो या गाड्या घेऊ नका असे सांगायला. श्टुटगार्टची ती कारवाई बेकायदा होती, असा निकाल तिथल्या प्रशासकीय न्यायालयाने २०१५ मध्ये दिला.

साध्या पाण्यात एवढी ताकद येते कुठून? जर्मन पोलिसांची पुढच्या पिढीतली गाडी १० हजार लिटर पाणी घेऊन निघते. पंप ते २० बार दाबाने फेकतो, झोत ६५ मीटरपर्यंत जातो. पुढच्या प्रत्येक नळीतून मिनिटाला १,२०० लिटर, म्हणजे सेकंदाला वीस लिटर. दुकानात मिळणारी पाण्याची मोठी कॅन दर सेकंदाला छातीवर येऊन आपटावी, तसा हा प्रकार. तिन्ही नळ्या पूर्ण सोडल्या तर टाकी तीन मिनिटांत रिकामी होते. म्हणून चालक जपून, थांबून थांबून मारा करतो. पाऊस पाडायचा, पायांवर मारायचे की थेट अंगावर, हे काचेआड बसलेला माणूस ठरवतो. दाब आणि अंतर जरा चुकले की ‘सौम्य बळ’ हा शब्द कागदावरच राहतो.

सोलमध्ये तेच झाले. १४ नोव्हेंबर २०१५च्या मोर्चात बेक नाम-गी हे वयोवृद्ध शेतकरी झोताच्या तडाख्याने रस्त्यावर कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला, शुद्ध आलीच नाही आणि २५ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांचा मृत्यू झाला. रुग्णालयाने दाखल्यावर कारण लिहिले ‘आजार’. ते बदलून बाह्य कारण असे करायला पुढच्या वर्षीचा जून उजाडावा लागला. मधल्या काळात सोलच्या महापौरांनी पोलिसांना माऱ्यासाठी अग्निशमन दलाच्या नळांचे पाणी देणार नाही, असे जाहीर केले होते. २३ एप्रिल २०२० रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने बेक यांच्यावर असा थेट मारा करणे घटनाबाह्य ठरवले.

हे शस्त्र कधीकधी चालवणाऱ्यावरच उलटते. मे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीय मुलांवर अग्निशमन दलाचे पाइप सोडले गेले. त्या छायाचित्रांनी देश हलला आणि पुढल्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला. केपटाऊनमध्ये २ सप्टेंबर १९८९ रोजी निदर्शक नंतर ओळखता यावेत म्हणून पाण्यात जांभळा रंग मिसळला होता. एक निदर्शक गाडीवर चढला, त्याने नळीचे तोंड फिरवले आणि सत्ताधारी नॅशनल पार्टीच्या कार्यालयाच्या भिंतीही जांभळ्या झाल्या. रंग माणसे निवडत नाही. हाँगकाँगमध्ये ऑक्टोबर २०१९ मध्ये निळ्या पाण्याचा फवारा थेट कौलून मशिदीच्या दारावर गेला आणि शहराच्या प्रमुखांना दुसऱ्या दिवशी मशिदीत जाऊन माफी मागावी लागली.

भारतात हा मारा बहुधा थंडीत आठवतो. २०१२च्या डिसेंबरात दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराविरुद्ध रायसीना टेकडीकडे निघालेल्या तरुण-तरुणींना गारठ्यात भिजवले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांवर हरियाणात पाणी सोडले, तेव्हा एक तरुण गाडीवर चढला, नळ बंद केला आणि उडी मारून ट्रॉलीत परतला. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, त्यात खुनाच्या प्रयत्नाचेही कलम होते. पाणी मारणे सौम्य आणि ते बंद करणे एवढे गंभीर, या हिशेबाचा मेळ लावणे कठीण आहे.

बेकायदा जमाव पांगवण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये आहे. पाण्याचा दाब किती, अंतर किती, चेहरा टाळायचा की नाही, हिवाळ्यात काय करायचे, यांपैकी काहीही त्या कलमात नाही. हा तपशील प्रत्येक राज्याने नियमांत लिहावा, लोकांसमोर ठेवावा आणि प्रत्येक माऱ्यानंतर कोणत्या अधिकाऱ्याने कशासाठी हुकूम दिला, याची नोंद विधिमंडळापुढे मांडावी.